सपाट दिसते, हे आधी मान्य करू

गेल्या दिवाळीत आमच्या कोल्हापूरच्या घरी फराळ चालू असताना पुतण्याने मला विचारलं, “काका, पृथ्वी गोल आहे, हे कशावरून?” पोरगा नाशिकला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. पण नाही, तो गंभीर होता. पाच-सहा महिने रात्री जागून त्याने सपाट पृथ्वीवाल्यांचे व्हिडिओ पाहिले होते आणि त्यातलं बरंच काही त्याला पटलं होतं. मी म्हणालो, “अरे, अवकाशातून काढलेले फोटो आहेत की.” तो म्हणाला, “काढले कुणी? ज्यांच्यावर माझा विश्वास नाही, त्यांनीच ना?” मी म्हणालो, “सगळं जग मानतं.” तो म्हणाला, “कधीकाळी सगळं जग उलटंही मानत होतं.” मग माझा आवाज चढला. त्याचे वडील फीच्या आकड्यावर आले, बाकीचे हसले. पोरगा ताट उचलून आत गेला आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तो चुकत होता, यात शंका नव्हती. मला सलत होतं ते वेगळंच. मी त्याला जे जे सांगितलं, त्यातलं काहीच मी स्वतः पडताळलेलं नव्हतं. पुस्तकात वाचलं, बाईंनी सांगितलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले. त्याने ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला होता आणि मीही ऐकीव गोष्टीवरच. माझी ऐकीव गोष्ट खरी निघाली, हे माझं नशीब.

अशा लोकांच्या नादी लागू नये, असं आपल्याकडे पुष्कळ शहाणी माणसं सांगतात. वेळ जातो, डोकं फिरतं, आणि वाद घातल्यामुळे त्यांना उगाच प्रतिष्ठा मिळते, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. नादी लागायचं नाही म्हणजे त्या पोराला रात्री दीड वाजता त्या व्हिडिओंच्या हवाली करायचं. तिथे त्याच्या प्रश्नाला कुणी हसत नाही. ‘तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेव’ असं तिथे त्याला सांगितलं जातं, आणि विशीतल्या मुलाला याहून गोड वाक्य कुठलं लागणार? वाद घातलाच पाहिजे. फक्त मी घातला तसा नाही.

या वादाचा एक जुना इतिहास आहे आणि तो मला फार शिकवून गेला. पूर्व इंग्लंडमधल्या सखल पाणथळ मुलखात ओल्ड बेडफर्ड नावाचा एक कालवा आहे. तो सुमारे सहा मैल, म्हणजे जवळजवळ दहा किलोमीटर, अगदी सरळ जातो. १८३८ साली सॅम्युअल रोबॉथम नावाचा माणूस या कालव्यात उतरला. पाण्यापासून जेमतेम वीतभर उंचीवर डोळा धरून तो लांब जाणारी होडी दुर्बिणीतून पाहत राहिला. पृथ्वी गोल असेल तर सहा मैलांवरची होडी पाण्याच्या फुगवट्याआड जायला हवी. त्याला ती शेवटपर्यंत दिसली. त्यावर त्याने पुस्तिका लिहिल्या, व्याख्यानं दिली, आणि आज मोबाईलवर दिसणाऱ्या सपाट पृथ्वीच्या पंथाचं मूळ तिथे आहे.

त्याला जे दिसलं ते खरंच दिसलं असणार. पाण्यालगतची हवा थंड आणि वर ऊब असली की प्रकाश खाली वाकतो आणि आडचं दिसू लागतं. आपण उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर मृगजळ पाहतो तेव्हा हाच खेळ उलट्या बाजूने चालू असतो. म्हणजे रोबॉथमच्या डोळ्यांनी त्याला फसवलं नाही. ‘असं दिसायला दुसरं काही कारण असेल का’ हा प्रश्न त्याने विचारला नाही, एवढंच. माझ्या मते हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण समोरच्याला ‘तू आंधळा आहेस’ म्हणणं आणि ‘तुला दिसलं ते बरोबर, पण ते का दिसलं ते आपण पाहू’ म्हणणं, यांतून दोन अगदी वेगळी संभाषणं सुरू होतात.

रोबॉथमच्या अनुयायांपैकी जॉन हॅम्पडन याने १८७० च्या जानेवारीत जाहिरात देऊन आव्हान दिलं, की पृथ्वीचा गोलावा कुणी सिद्ध करून दाखवला तर ५०० पौंड देईन. आव्हान स्वीकारलं आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनच्या बरोबरीने मांडणारे ते हेच. तरुणपणी त्यांनी जमीन मोजणीचं काम केलेलं होतं, त्यामुळे गोम कुठे आहे हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यांनी दुर्बीण पाण्यापासून चार मीटर उंच, पुलाच्या कठड्यावर ठेवली. सहा मैलांवरच्या दुसऱ्या पुलावर तेवढ्याच उंचीवर काळा पट्टा लावला आणि मधोमध एक खांब उभा करून त्यावर तेवढ्याच उंचीवर तबकडी बसवली. पाणी सपाट असेल तर तबकडी आणि पट्टा एका रेषेत दिसतील. फुगीर असेल तर मधली तबकडी वर दिसेल. ती वर दिसली, चांगली ठळक.

आणि मग काय झालं? हॅम्पडनने दुर्बिणीला डोळाच लावला नाही. आपल्या बाजूचा पंच विल्यम कारपेंटर याच्यावर आपला विश्वास आहे, असं तो म्हणाला. कारपेंटरने डोळा लावला आणि पृथ्वी सपाट असल्याचं सिद्ध झालं म्हणून जाहीर केलं. निर्णय वॉलेस यांच्या बाजूने लागला, पैसे मिळाले, आणि तिथून त्यांच्या हालांना सुरुवात झाली. हॅम्पडनने पुढची जवळजवळ पंधरा वर्षं त्यांचा पिच्छा पुरवला. शेजाऱ्यांना, ते ज्या संस्थांचे सभासद होते त्यांना त्याने पत्रं पाठवली. नवऱ्याचं डोकं फुटलेलं पाहावं लागेल, असं त्यांच्या पत्नीला लिहिलं. बदनामीबद्दल तो तुरुंगात गेला, सुटला, पुन्हा लिहू लागला. शेवटी पैज कायद्याने वसूल करण्याजोगी नाही असं कोर्टाने ठरवलं आणि पैसेही परत गेले. पुढे आत्मचरित्रात वॉलेस यांनी या प्रकरणाचा आयुष्यातला सर्वांत खेदजनक प्रसंग म्हणून उल्लेख केला.

वॉलेस यांच्या प्रयोगात मला एकही चूक दिसत नाही. त्यांचं चुकलं ते पैजेत. ज्या क्षणी ५०० पौंड आणि दोन माणसांची अब्रू पणाला लागली, त्या क्षणी हॅम्पडनला ‘माझं चुकलं’ म्हणण्याची वाट बंद झाली. माझ्या घरातल्या त्या संध्याकाळी पैसे नव्हते, पण आठ-दहा नातेवाईक होते आणि हसू होतं. त्या पोराने तिथे माघार कशी घ्यायची होती? चारचौघांत हरवलेला माणूस मत बदलत नाही, तो फक्त गप्प होतो.

याउलट आपल्या मुलखातला एक माणूस हा वाद कसा घालत होता ते पाहण्यासारखं आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. ते स्वतःला सह्याद्रीजवळच्या गावचे म्हणवतात, आणि चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. त्या ग्रंथाच्या गोलाध्यायात त्यांच्यासमोर पुराणातली पृथ्वी मानणारे लोक आहेत: आरशासारखी सपाट भूमी, मधोमध मेरू पर्वत, त्याच्याआड सूर्य गेला की रात्र. भास्कराचार्य प्रश्न विचारतात. भूमी आरशासारखी सपाट आणि सूर्य तिच्यावर उंच फिरत असेल, तर तो देवांना जसा सतत दिसतो तसा माणसांना का दिसू नये? मेरूमुळे रात्र होत असेल, तर आपल्या आणि सूर्याच्या मध्ये उभा असलेला तो सोन्याचा डोंगर आपल्याला का दिसत नाही? दोन्ही प्रश्न समोरच्याच्या घरात शिरून विचारलेले आहेत. तुझं म्हणणं खरं धरलं तर काय दिसायला हवं, आणि ते दिसतं का?

आणि मग ते एक गोष्ट करतात ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. पृथ्वी सपाट दिसते, हे ते मान्य करतात आणि ती तशी का दिसते ते समजावतात. ‘समो यतः स्यात् परिधेः शतांशः’. कुठल्याही मोठ्या वर्तुळाचा शंभरावा हिस्सा सपाटच भासतो. पृथ्वी अफाट, तिच्या पाठीवरचा माणूस अगदी लहान. म्हणून त्याला ती सगळी सपाट वाटते. खालच्या बाजूची माणसं पडत कशी नाहीत, या प्रश्नालाही ते हसत नाहीत. जो जिथे उभा आहे त्याला जमीन आपल्या पायाखाली आणि आपण तिच्या वर आहोत असंच वाटतं. ‘तिष्ठन्ति ते तत्र वयं यथात्र’, आपण इथे जसे राहतो तसेच ते तिथे राहतात. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची ही भाषा आहे. माझ्या त्या संध्याकाळच्या भाषेपेक्षा किती सभ्य, आणि किती परिणामकारक.

हे सांगितलं की आपल्याकडे एक वेगळाच गडबडगुंडा सुरू होतो. ‘बघा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. भूगोल शब्दातच गोल आहे!’ हे वाक्य मला फॉरवर्ड होऊन इतक्या वेळा आलं आहे की आता ते नुसतं दिसलं तरी त्रास होतो. शब्दात गोल असणं हा पुरावा नाही. त्याच परंपरेत मेरूही होता आणि सात समुद्रही होते, नाहीतर भास्कराचार्यांना वाद घालायची गरजच पडली नसती. हा वाद पुढे सातशे वर्षं मिटलाही नव्हता. १८३०च्या दशकात मध्य भारतात सिहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी आणि सुबाजी बापू हे पंडित भास्कराचार्यांचाच आधार घेऊन गोल पृथ्वीचं ज्ञान शिकवत होते, सुबाजींनी त्यावर मराठीत पुस्तकही लिहिलं. त्याच वेळी पुण्याचे यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे ज्योतिष, म्हणजे त्या काळचं खगोलशास्त्र, आणि पुराणं यांच्यात विरोधच नाही हे दाखवण्यासाठी ग्रंथ रचत होते. दोघेही विद्वान, दोघेही याच परंपरेतले. पूर्वजांचा दाखला द्यायचा तर त्यांच्या उत्तराचा देऊ नये, त्यांच्या पद्धतीचा द्यावा. नाहीतर आपणही ‘अमक्याने सांगितलं म्हणून’ याच खांबाला बांधलेले राहतो.

पद्धतीबद्दल बोलायचं तर कुठल्याही वादाआधी एक प्रश्न विचारायला मी आता शिकलो आहे: “तुला काय दिसलं तर तू मत बदलशील?” याचं उत्तर आधी घ्यायचं, प्रयोग नंतर. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या विल डफी नावाच्या पाद्र्याने दोन्ही बाजूंच्या काही लोकांना अंटार्क्टिकाला नेलं. सपाट पृथ्वीच्या प्रचलित नकाशात अंटार्क्टिका म्हणजे कडेची बर्फाची भिंत असते, त्यामुळे तिथे चोवीस तास सूर्य दिसणं शक्यच नाही, असं त्या पंथातले लोक वर्षानुवर्षं सांगत होते. जेरन कॅम्पानेला हा त्यांच्यातला नावाजलेला प्रचारक स्वतः तिथे गेला. सूर्य मावळला नाही. तसं त्याने कॅमेऱ्यासमोर सरळ कबूल केलं. त्याच्याच पंथातले अनेक जण त्याच्यावर उलटले, तो विकला गेला म्हणाले. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. हॅम्पडनने जे केलं नाही ते त्याने केलं: डोळा लावला, आणि दिसलं ते सांगितलं.

‘काहीही दिसलं तरी मत बदलणार नाही’ असं ज्याचं उत्तर असेल, त्याच्याशी या विषयावर बोलणं मी थांबवतो. त्याच्याशी बाकी सगळं बोलतो, जेवायला बोलावतो. अमेरिकेतल्याच एका सपाटवाल्या गटाने सुमारे वीस हजार डॉलरचं जायरोस्कोप, म्हणजे फिरणं मोजणारं उपकरण, आणलं. पृथ्वी फिरत असेल तर त्यात तासाला १५ अंशांचा फरक दिसायला हवा होता, तो दिसला, आणि मग ही आकाशातल्या कसल्यातरी ऊर्जेची बाधा असेल म्हणून ते उपकरण कशाकशात गुंडाळून पुन्हा मोजायला लागले. अशा ठिकाणी पुरावा संपत नाही, धीर संपतो. पण असे थोडे. बहुतेक जण माझ्या पुतण्यासारखे असतात. त्यांना कुणी नीट उत्तर दिलेलं नसतं.

त्याला मी तो प्रश्न संक्रांतीच्या सुमारास फोनवर विचारला. आधी त्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, “काका, मी स्वतः मोजलेलं असेल तर.” मग आम्ही ठरवलं. २० मार्चला, विषुवदिनी, त्याने नाशिकला आणि मी कोल्हापूरला बरोबर एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करायची आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजायची. ती घड्याळात बारा वाजता पडत नाही, आपल्याकडे बारा चाळीसच्या आसपास पडते. हे मला पन्नाशीनंतर तेव्हा कळलं. माझी सावली ३० सेंटिमीटर भरली, त्याची साडेछत्तीस. कोन काढले: कोल्हापूर पावणेसतरा अंशांच्या जवळ, नाशिक वीस. सव्वातीन अंशांचा फरक आणि दोन गावांतलं सरळ उत्तर-दक्षिण अंतर साधारण ३६५ किलोमीटर. यावरून घेर चाळीस हजारांच्या आसपास येतो. अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनिसने दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी केलं ते आम्ही गच्चीवर केलं होतं. मला खूप आनंद झाला.

पुतण्या दहा मिनिटांनी म्हणाला, “काका, पण जमीन सपाट आणि सूर्य जवळ असला तरी सावल्या अशाच पडतील.”

आणि तो बरोबर होता! हे मला कुठल्याही शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. दोन सावल्यांनी गोल पृथ्वी सिद्ध होत नाही. सूर्य फार लांब आहे हे गृहीत धरलं तरच ती सिद्ध होते. सपाटवाल्याशी वाद घालताना आपण एराटोस्थेनिसची गोष्ट ब्रह्मास्त्र म्हणून काढतो, ती तिथे पोकळ ठरते, आणि समोरच्याला वाटतं की आपल्याकडे उत्तरच नाही. तिसरी सावली लागते, आणि ती लांबची लागते.

पुतण्याची ताई लंडनला शिकते. नशिबाने त्या दिवशी तिथे ऊन होतं आणि भावाच्या आग्रहाखातर तिनेही एक मीटरची काठी धरली होती. तिची सावली सव्वा मीटर. आता सपाट जमीन धरून सूर्य किती उंच आहे ते काढा. विषुवदिनी सूर्य विषुववृत्तावर डोक्यावर असतो. कोल्हापूर तिथून सुमारे १,८५० किलोमीटर. आमच्या सावलीवरून सूर्याची उंची निघते ६,१५० किलोमीटरच्या घरात. लंडन सुमारे ५,७०० किलोमीटर. तिथल्या सावलीवरून निघते साडेचार हजार. एकच सूर्य, एकाच दिवशी, कोल्हापूरकरांसाठी लंडनपेक्षा दीड हजार किलोमीटरने जास्त उंच कसा? आणि जमीन गोल धरा: कोल्हापूरचे १,८५० भागिले पावणेसतरा, लंडनचे ५,७०० भागिले तिथल्या सावलीचा कोन, साडेएक्कावन्न. दोन्हीकडे एका अंशाला १११ किलोमीटरच्या आसपास येतात. नाशिकलाही तेवढेच.

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याने विचारलं, “ही अंतरं कुणी मोजली? नकाशातूनच घेतलीत ना?”

दिवाळीत या प्रश्नावर माझा आवाज चढला असता. या वेळी मी त्याला विल्यम लॅम्बटन या इंग्रज सर्वेक्षकाबद्दल सांगितलं. १८०२ साली मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने त्याने साडेसात मैलांची पहिली रेषा मोजली, एवढ्याच कामाला ५७ दिवस लागले. मग कोन मोजायचं अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट टेकड्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत, ठिकठिकाणी ताऱ्यांची उंची घेत तो वीस वर्षं पुढे सरकत राहिला. एका अंशाला जमिनीवर किती अंतर चालावं लागतं, हेच त्याला मोजायचं होतं. जानेवारी १८२३ मध्ये काम करता करता तो गेला. पुढे कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंतचं हे मोजमाप त्याच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने पुरं केलं. लॅम्बटनची कबर आपल्याकडेच आहे, वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला.

“हिंगणघाटला?” पुतण्या म्हणाला. “मग जाऊया की, काका. आणि काठी घेऊन जाऊ.”